लॅपटॉप म्हातारा कशाने होतो?

उन्हाळ्याची सुट्टी संपते, शाळा उघडते आणि कार्यालयातल्या लोखंडी कपाटातून लॅपटॉप बाहेर निघतो. दोन वर्षांपूर्वी चार तास चालणारी त्याची बॅटरी आता दीड तासातच मान टाकते. शिक्षकांच्या शिबिरांमध्ये ही हकिगत आम्ही पुष्कळदा ऐकली आहे आणि तिचा शेवट बहुधा एकाच वाक्याने होतो: "अहो, पण आम्ही तो फारसा वापरलासुद्धा नाही!"

यंत्र वापरले की झिजते आणि कपाटात ठेवले की टिकते, ही आपली समजूत सायकल, शिवणयंत्र, पिठाची गिरणी अशा यंत्रांवरून झालेली आहे. तेथे धातूवर धातू घासतो, म्हणून ती समजूत बरोबरही आहे. लॅपटॉपमध्ये मात्र हलणारे भाग फार थोडे: एखादा पंखा, बिजागऱ्या, कळफलकाच्या कळा आणि जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क. बाकी जे म्हातारे होते ते रासायनिक अभिक्रियांमुळे, आणि त्या कपाटाला कुलूप लावल्याने थांबत नाहीत. उलट काही अभिक्रिया तेथेच अधिक जोमाने चालतात. त्या कोणत्या हे कळले, तर त्यांना आवर घालण्याचे उपाय आपले आपल्यालाच सुचतात. त्यांतले बहुतेक बिनखर्चाचे असतात.

बॅटरीच्या आत

सुरुवात बॅटरीपासून करू, कारण लॅपटॉपमधला सर्वांत अल्पायुषी भाग तोच. लॅपटॉपची बॅटरी म्हणजे काही लिथियम-आयन घटांची जुडी. हे घट १९९१ साली सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणले. त्यामागील मूलभूत संशोधनाबद्दल स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. घटाच्या एका अंगाला ग्राफाइट असते, म्हणजे पेन्सिलीच्या शिशात असते तेच. दुसऱ्या अंगाला कोबाल्ट, निकेल, मँगनीज अशा धातूंचे लिथियमयुक्त ऑक्साइड असते. दोहोंच्या मध्ये सच्छिद्र प्लॅस्टिकचा पातळ पडदा आणि लिथियमचा क्षार विरघळवलेला कार्बनी द्रव असतो. या द्रवाला विद्युत-अपघटनी म्हणतात. चार्जिंग करताना लिथियमचे आयन ऑक्साइडमधून निघतात, द्रवातून पलीकडे जातात आणि ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरून बसतात. वहीच्या पानांमध्ये पिंपळपाने ठेवावीत तसे. लॅपटॉप वापरताना हेच आयन उलट वाटेने परत येतात.

एवढेच घडत असते, तर घट वर्षानुवर्षे चालला असता. अडचण अशी की लिथियम भरलेले ग्राफाइट अतिशय क्रियाशील असते आणि त्याला टेकलेला द्रव त्याच्यापुढे टिकत नाही, त्याचे विघटन होते. कारखान्यातल्या पहिल्या चार्जिंगच्या वेळीच या विघटनातून ग्राफाइटवर एक अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा मोठा उपकारक आहे. लिथियमच्या आयनांना तो वाट देतो, पण इलेक्ट्रॉनांना अडवतो, त्यामुळे पुढचे विघटन जवळजवळ थांबते. ॲल्युमिनियमच्या भांड्यावर ऑक्साइडचा थर चढला की आतला धातू सुरक्षित राहतो, तशातलाच हा प्रकार.

'जवळजवळ' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. पापुद्रा अगदी अभेद्य नसतो, तो सावकाश जाड होत राहतो. त्यात दरवेळी थोडे लिथियम अडकून पडते आणि ते पुन्हा कधीच कामाला येत नाही. घटात लिथियमचा साठा ठरावीकच असतो, तेव्हा जितके लिथियम पापुद्र्यात गेले तितकी बॅटरीची धारणक्षमता कमी झाली. आपण लॅपटॉप वापरत असू वा नसू, ही गळती चालूच असते.

गळतीचा वेग दोन गोष्टींनी ठरतो. पहिली तापमान. तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ठोकताळा वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांना माहीत असतो. बॅटरीला तो ढोबळमानाने लागू पडतो. म्हणजे २५ अंशांच्या खोलीपेक्षा ४५ अंशांच्या खोलीत बॅटरी सुमारे चौपट वेगाने म्हातारी होते. नागपूर, चंद्रपूर, अकोला, जळगाव येथील मे महिना आठवा, आणि पत्र्याच्या छपराखालची बंद खोली आठवा.

दुसरी गोष्ट फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. ती म्हणजे बॅटरी किती भरलेली आहे. पूर्ण भरलेल्या घटाचे व्होल्टेज ४.२ किंवा त्याहून किंचित अधिक असते, अर्ध्या भरलेल्याचे सुमारे ३.७. वरवर पाहता हा फरक क्षुल्लक वाटतो. पण १०० टक्के भरलेल्या स्थितीत ग्राफाइटमध्ये लिथियम खच्चून भरलेले असते आणि पलीकडचे ऑक्साइडही अतिशय अस्थिर व तीव्र ऑक्सिडीकारक झालेले असते. मधला द्रव दोन्हीकडून मार खातो. ताणून बांधलेले रबर आणि सैल सोडलेले रबर यांपैकी आधी कोणते तुटेल, असा हा प्रश्न आहे.

दोन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होते, ते कोबाल्टयुक्त घटांबद्दल नेहमी दिल्या जाणाऱ्या अंदाजी आकड्यांवरून पाहू. घट न वापरता वर्षभर नुसता ठेवून द्यायचा आणि त्यात मूळ क्षमतेच्या किती टक्के क्षमता उरली ते पाहायचे. ४० टक्के भरून २५ अंश तापमानाला ठेवला तर सुमारे ९६ टक्के उरते. त्याच तापमानाला पूर्ण भरून ठेवला तर ८० टक्के. ४० अंश तापमानाला ४० टक्के भरून ठेवला तर ८५, आणि ४० अंशांनाच पूर्ण भरून ठेवला तर फक्त ६५. घटाच्या प्रकारानुसार आकडे पुढेमागे होतील, पण कल बदलत नाही.

आता शाळेतला लॅपटॉप कसा असतो ते पाहा. सकाळी कार्यालय उघडले की त्याची पिन भिंतीतल्या सॉकेटला लागते ती संध्याकाळपर्यंत. यू-डायसची माहिती भरायची असली की रात्रीसुद्धा. म्हणजे बॅटरी बारा महिने १०० टक्क्यांवर, आणि खालून यंत्राची ऊब. मग सुट्टी लागते. जबाबदार मुख्याध्यापक तो पूर्ण चार्ज करून, कापडात गुंडाळून, कपाटात ठेवतात. हेतू उत्तम, पण बॅटरीसाठी याहून वाईट व्यवस्था योजून करायची म्हटली तरी जमणे कठीण.

"चार्जर आपोआप थांबतो ना?" असे येथे कोणीतरी विचारतेच. थांबतो, हे खरे आहे. आजच्या लॅपटॉपमधली नियंत्रक यंत्रणा बॅटरीत गरजेपेक्षा जास्त विद्युतभार जाऊ देत नाही आणि पूर्ण भरल्यानंतर लॅपटॉप बॅटरीला वळसा घालून सरळ चार्जरवर चालतो. पण प्रश्न जास्त भरण्याचा नाहीच. काठोकाठ भरून तसेच राहण्याचा आहे.

यावर उपाय लॅपटॉपमध्येच असतो. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपांमध्ये, कंपनीने दिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, चार्जिंग ८० किंवा ६० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. त्याला कोठे 'बॅटरी कॉन्झर्व्हेशन' म्हणतात, कोठे 'बॅटरी हेल्थ' किंवा असेच दुसरे नाव. एकाच जागी राहणाऱ्या लॅपटॉपला ही मर्यादा लावून ठेवावी. वीज गेली तर तासाभराची सोय तरीही राहते. ही सोय नसेल तर लॅपटॉप दिवसाचा काही काळ बॅटरीवर चालवावा आणि ८० टक्क्यांच्या आसपास पिन काढावी. अगदी काटेकोर राहण्याची गरज नाही. ज्या दिवशी केंद्रशाळेत प्रशिक्षण असेल आणि तेथे सॉकेट मिळण्याची खात्री नसेल, त्या दिवशी खुशाल पूर्ण भरून न्यावी. भरलेली बॅटरी लगेच वापरली तर काही बिघडत नाही.

सुट्टीपूर्वीचे काम त्याहून सोपे. शेवटच्या दिवशी बॅटरी निम्मी असताना लॅपटॉप 'स्लीप' न करता पूर्ण बंद करावा आणि इमारतीतल्या सर्वांत गार खोलीत ठेवावा. तळमजल्यावरची उत्तरेकडची खोली असेल तर उत्तमच. पूर्ण रिकामी करून ठेवणेही घातक आहे. घट स्वतःहूनही हळूहळू उतरत असतो, आणि व्होल्टेज फारच खाली गेले की त्यातल्या तांब्याच्या पत्र्याचे तांबे द्रवात विरघळू लागते. अशी बॅटरी नियंत्रक यंत्रणा पुन्हा चार्ज होऊ देत नाही, आणि ते बरोबरच आहे.

"बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नये" हा सल्ला अजूनही ऐकू येतो. तो निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे, लिथियमला तो लागू नाही. येथे १०० वरून ६० पर्यंत उतरवून पुन्हा भरली तर ०.४ चक्र मोजले जाते, आणि अशी छोटी चक्रे बॅटरीला मानवतात. साधारण ३०० ते ५०० पूर्ण चक्रांनंतर क्षमता ८० टक्क्यांवर येते, काही बॅटऱ्या १,००० चक्रेही काढतात. दर दिवशी अर्धे चक्र धरले तर ३०० ते ५०० चक्रांना सुमारे दीड ते पावणेतीन वर्षे लागतात.

हे सारे आकड्यांत पाहता येते, आणि विद्यार्थ्यांसाठी तो एक सुरेख उपक्रम होतो. विंडोज असलेल्या लॅपटॉपवर 'कमांड प्रॉम्प्ट' उघडावा. इंग्रजीत 'पॉवर' आणि त्याला जोडून सी, एफ, जी ही तीन अक्षरे टंकावीत. मग एक जागा सोडून पुढे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला चिकटून 'बॅटरीरिपोर्ट' असा एकच सलग शब्द टंकावा. आदेश दिल्यावर एक अहवाल तयार होतो आणि तो कोठे साठवला तेही पडद्यावर दिसते. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' असे दोन आकडे मिलिवॉट-तासांत असतात. समजा, पहिला ४०,००० आणि दुसरा ३०,००० असेल, तर बॅटरीत मूळच्या ७५ टक्के क्षमता उरली आहे. नववीच्या मुलांनी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी हे आकडे नोंदवून आलेख काढावा, सोबत खोलीचे तापमानही लिहावे. महिन्यामहिन्याचे आकडे थोडे मागेपुढे होतील, कारण क्षमता मोजणारी यंत्रणा अंदाजाने चालते. पण वर्षभरात रेषा कोणत्या दिशेला चालली आहे ते स्पष्ट दिसते. दोन लॅपटॉप असतील तर एकाला ६० टक्क्यांची मर्यादा लावून दोन आलेखांची तुलना करता येईल. पाठ्यपुस्तकातल्या अभिक्रियेच्या वेगापेक्षा हा वेग मुलांच्या अधिक लक्षात राहील असे आम्हाला वाटते.

फुगलेली बॅटरी

क्षमता कमी होणे ही गैरसोय झाली. पण द्रवाच्या विघटनातून वायूही तयार होतात, आणि तेथे प्रश्न सुरक्षिततेचा होतो. आजच्या पातळ लॅपटॉपांमध्ये घट धातूच्या नळीत नसून ॲल्युमिनियम व प्लॅस्टिकच्या थरांच्या पिशवीत असतात. वायू साठला की पिशवी फुगते. टचपॅड वर उचलला जाणे किंवा दाबला न जाणे, सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगणे, झाकण नीट न मिटणे ही त्याची लक्षणे. पुष्कळदा हा दोष बिजागरीचा समजून झाकण दाबून बसवले जाते. तसे कदापि करू नये. आतला पडदा फाटून दोन्ही बाजू एकमेकींना टेकल्या, तर साठलेली सगळी ऊर्जा एकदम उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. ती किती असते? ५० वॉट-तासांच्या बॅटरीत १,८०,००० जूल. एक लिटर पाणी २७ अंशांपासून ७० अंशांपर्यंत तापवायला साधारण एवढीच ऊर्जा लागते. शिवाय आतला द्रव ज्वलनशील असतो, त्याची ऊर्जा वेगळीच.

यांपैकी एखादे लक्षण दिसताच चार्जर काढावा, लॅपटॉप बंद करावा, मुलांपासून आणि कागदांच्या गठ्ठ्यांपासून दूर ठेवावा आणि पुन्हा चार्ज न करता जाणकाराकडून बॅटरी बदलून घ्यावी. वायू काढण्यासाठी टाचणी टोचणारे महाभागही असतात. त्यांचे अनुकरण नको.

उष्णता आणि खडूची पूड

लॅपटॉपमधली उष्णता येते कोठून? मुख्यतः प्रोसेसरमधून. कपड्यांची १,००० वॉटची इस्त्री घ्या. तिचा तळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरमागे ५ वॉट उष्णता. लॅपटॉपचा प्रोसेसर जोमाने काम करताना १५ ते २० वॉट किंवा अधिक उष्णता देतो, आणि त्याच्या चकतीचे क्षेत्रफळ असते एक-दीड चौरस सेंटिमीटर. म्हणजे क्षेत्रफळाच्या मानाने तो इस्त्रीला मागे टाकतो.

ही उष्णता बाहेर नेण्याचे काम एक चपटी तांब्याची नळी करते, आणि तिची करामत मुद्दाम पाहण्यासारखी आहे. नळी निर्वात करून तिच्यात थोडेसे पाणी ठेवून ती बंद केलेली असते. दाब अतिशय कमी असल्याने पाणी कमी तापमानालाच उकळते. प्रोसेसरजवळच्या टोकाला त्याची वाफ होते, ती दुसऱ्या गार टोकाकडे धावते, तेथे तिचे पाणी होते आणि अप्रकट उष्मा बाहेर टाकला जातो. नळीच्या आतल्या भिंतीवर तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर असतो. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढते तसे पाणी त्या थरातून परत मूळ जागी येते. एवढ्याच आकाराच्या भरीव तांब्याच्या पट्टीपेक्षा अशी नळी कितीतरी पटींनी अधिक उष्णता वाहून नेते.

कमी दाबाला पाणी लवकर उकळते, हे वर्गात दाखवणे सोपे आहे. सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजमध्ये सुमारे ६० ते ७० अंशांचे थोडे पाणी ओढून घ्या, आतली हवा घालवा, तोंड बोटाने किंवा झाकणाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोरात मागे ओढा. शेगडीवर नसलेले पाणी खळाळून उकळताना दिसेल. पाणी गरम आहे, तेव्हा हे शिक्षकांनी स्वतःच करावे.

नळीचे गार टोक धातूच्या पातळ पात्यांच्या जुडग्याला जोडलेले असते आणि लहानसा पंखा त्यांतून हवा फुंकतो. खरा घात होतो तो या पात्यांपाशी. त्यांच्यामधल्या फटी जेमतेम मिलिमीटरभर असतात. पंख्याने ओढलेल्या हवेतले धागे, केस, धूळ तेथे अडकतात, त्यांवर खडूची पूड बसते आणि हळूहळू नमद्यासारखा एक थर तयार होतो. हवा अडते. प्रोसेसरचे तापमान १०० अंशांच्या जवळ गेले की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. आपण म्हणतो, "लॅपटॉप स्लो झाला, व्हायरस असेल." पंखा सतत घोंघावत असेल आणि बाहेर येणारी हवा मात्र क्षीण असेल, तर आमचा पहिला संशय धुळीवर असतो.

त्यामुळे लॅपटॉप फळ्यालगत ठेवू नये. गादी, सतरंजी किंवा मांडीवरची उशी या जागा तर टाळाव्यातच, कारण हवा आत जाण्याची भोके तळाला असतात. मागच्या बाजूला बाटल्यांची दोन सारखी झाकणे ठेवून लॅपटॉप किंचित उचलला, तरी तापमानात फरक पडतो. वर्षातून एकदा तळाचे झाकण उघडून सफाई करावी. हमीची मुदत चालू असेल तर हे काम कंपनीच्या सेवाकेंद्राकडेच द्यावे. स्वतः करणार असाल तर आधी लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा, झाकण उघडताच बॅटरीची जोडणी सोडवावी, जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावून अंगावरचा स्थिर विद्युतभार घालवावा, पंखा काडीने अडवून धरावा आणि घड्याळजी वापरतात तशा रबरी फुग्याने हवा मारावी. पंखा अडवायचा कारण हवेच्या झोताने तो भलत्याच वेगाने फिरतो आणि त्याचे बेअरिंग बिघडते. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर लॅपटॉपचा आराखडा काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवला की नंतर घोटाळा होत नाही. लांब स्क्रू आखूड भोकात पिळल्याने नाहक फुटलेले लॅपटॉप आम्ही पाहिले आहेत.

पावसाळा, मीठ आणि चहा

कोकण आणि गोव्यातल्या शाळांचा शत्रू वेगळा आहे. समुद्रावरून येणाऱ्या हवेत मिठाचे सूक्ष्म कण असतात. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी शोषून विरघळू लागते. समुद्री मिठात मॅग्नेशियम क्लोराइड मिसळलेले असते, त्याला तर ३३ टक्केही पुरतात. जुलैमध्ये स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटते ते यामुळेच. असा एखादा कण लॅपटॉपच्या मंडलपट्टीवर बसला की तेथे खाऱ्या पाण्याचा थेंब तयार होतो. शेजारच्या दोन तांब्याच्या रेघांमध्ये काही व्होल्टचा फरक असला, तर धन रेघेवरचे तांबे विरघळते आणि ऋण रेघेवर जाऊन साचते. दहावीच्या पुस्तकातले विद्युत विलेपनच हे, फक्त नको त्या जागी. साचलेल्या तांब्याला फांद्या फुटतात आणि एके दिवशी त्या समोरच्या रेघेला टेकतात.

म्हणून पावसाळ्यात लॅपटॉप न वापरता ठेवणे बरे नव्हे. आठवड्यातून एक-दोनदा तासभर चालवला की त्याच्याच उबेने आतली ओल निघून जाते. एरवी तो झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. पुड्या दमट झाल्या की बाहेर काढून तापवून पुन्हा वापरता येतात. वातानुकूलित सभागृहातून दमट हवेत आणलेला लॅपटॉप लगेच सुरू करू नये. गार पेल्यावर बाहेरून पाणी जमते तसेच त्याच्या आतही जमते. पिशवीतच अर्धा तास राहू द्यावा.

चहा सांडला तर काय करावे, हे आधीच ठरवून ठेवलेले चांगले, कारण त्या क्षणी सुचत नाही. प्रथम चार्जर काढावा आणि लॅपटॉप पूर्ण बंद होईपर्यंत पॉवरचे बटण दाबून धरावे. फाईल सेव्ह करण्याच्या मोहात पडू नये. मग अर्धवट उघडलेले पुस्तक पालथे ठेवतो तसा तो ठेवावा म्हणजे द्रव कळफलकातून बाहेर येईल, आणि लवकरात लवकर दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावा. बंद लॅपटॉपमध्येही बॅटरी जोडलेलीच असते आणि वर सांगितलेले विलेपन चालूच राहते, म्हणून दिवसांपेक्षा तास महत्त्वाचे. तांदळात ठेवण्याचा उपाय फार लोकप्रिय आहे. त्याने साखर आणि दुधाचा थर जात नाही, फक्त वेळ जातो.

विजेबद्दल थोडेसे

काही शाळांत लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात. याचे कारण चार्जरमध्ये आहे. रेडिओ लहरींचा उपद्रव टाळण्यासाठी त्यात एक लहान धारित्र बसवलेले असते. त्यातून अत्यल्प प्रत्यावर्ती धारा झिरपते आणि ती जमिनीत जावी म्हणून तिसरी पिन असते. अर्थिंग नसले किंवा तीन पिनांना दोन पिनांचे अडॅप्टर लावले की ती धारा आपल्या बोटांतून वाट शोधते. तिने सहसा इजा होत नाही, परंतु सॉकेटचे अर्थिंग तपासण्याची ती सूचना आहे, आणि ती फक्त लॅपटॉपपुरती नाही. त्याच सॉकेटवर उद्या पाण्याचा पंप लागणार असतो. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की चार्जर आणि इंटरनेटची तार दोन्ही काढून ठेवावीत. सर्ज प्रोटेक्टर लहानसहान धक्के झेलतो, जवळ पडलेली वीज नाही.

राहिल्या किरकोळ गोष्टी. झाकण नेहमी मधोमध धरून उघडावे. कोपऱ्याला धरून उघडल्यास सगळा पीळ एकाच बिजागरीवर येतो. मिटण्यापूर्वी कळफलकावर पेन राहिले नाही ना, ते पाहावे. पडदा धुतलेल्या मऊ सुती कापडाने, लागल्यास किंचित ओलसर करून, पुसावा. काच पुसण्याचा द्रव त्यावर फवारू नये.

पुष्कळदा लॅपटॉप धडधाकट असतो, पण सॉफ्टवेअरमुळे निकामी ठरवला जातो. विंडोज १० ची नेहमीची साथ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली आणि अनेक जुने लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. ते मोडीत काढण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवावी आणि लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती घालून पाहावी. लेखन, गणन, इंटरनेट आणि धड्यांच्या चित्रफिती एवढ्यासाठी चार जीबी स्मृतीचा जुना लॅपटॉप आणखी काही वर्षे सहज चालतो. लॅपटॉपमुळे वातावरणात जो कार्बन जातो, त्यातला बहुतांश भाग तो तयार होतानाच गेलेला असतो. तेव्हा ही काही वर्षे म्हणजे केवळ पैशांची बचत नव्हे.

जुन्या बॅटरीचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आणि ई-कचरा व्यवस्थापन नियम, दोन्ही २०२२ सालचे, हा माल परत घेऊन त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकतात. म्हणून कंपनीच्या सेवाकेंद्रात किंवा अधिकृत संकलन केंद्रात ती द्यावी. भंगाराच्या हातगाडीवर लोखंडाखाली चेपलेली लिथियम बॅटरी केव्हा पेट घेईल, हे तिचा मालकही सांगू शकणार नाही. केंद्रापर्यंत जायला उशीर होणार असेल, तर तिच्या जोडणीच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी. डब्याचे झाकण सैल असावे आणि डबा वर्गांपासून दूर, सावलीत असावा.